'फॅशन' आली कुठून?

"फार फॅशन करायला लागलीस हं!" हे वाक्य घरात कधीच ऐकलं नाही, असा एक तरी वाचक आहे का? मुलगी असो वा मुलगा, आरशासमोर पाच मिनिटं जास्त गेली की ठरलेलं! आपल्याकडे हा शब्द बराचसा रागावण्यासाठीच वापरतात. पण मुळात तो असा नटवा नव्हताच मुळी.

त्याचं घराणं बघा. लॅटिन भाषेत 'फाकेरे' म्हणजे करणे, घडवणे. त्यातून फ्रेंचमध्ये 'फासाँ' आला आणि साधारण सातशे वर्षांपूर्वी तो इंग्रजीत जाऊन 'फॅशन' झाला. तेव्हा त्याचा अर्थ होता घडण, आकार. कुंभार मडक्याला देतो ना, तसा! कपड्यांची चालू रीत हा अर्थ त्याला पुढे, सोळाव्या शतकात चिकटला. आजही मातीला किंवा लाकडाला आकार देण्यासाठी इंग्रजीत हेच क्रियापद वापरतात. आणि गंमत म्हणजे 'फॅक्टरी' ही याच घरातली चुलत बहीण!

मध्यंतरी आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगी आईच्या जुन्या साडीचा फ्रॉक घालून आली. "ही कसली फॅशन?" असं कुणीतरी म्हणालं, दोघं-तिघं हसले. झालं! मधल्या सुट्टीतही ती बाकावरून उठली नाही. मी फ्रॉक नीट पाहिला. साडीचा काठ बरोबर खाली घेरावर आणला होता, पदरावरची नक्षी पुढे छातीवर बसवली होती. मग मी फळ्यावर 'फाकेरे' लिहिलं आणि विचारलं, "तुमच्यापैकी कुणाचा कपडा घरी घडवलाय?" एकही हात वर गेला नाही. थोड्या वेळाने हसणाऱ्यांपैकीच एकाने तिला विचारलं, "काठ उलटा नाही का लागत?" मग काय, बाईसाहेब उभ्या राहून समजावायला लागल्या!

हे घडवणं शिकवतातसुद्धा बरं का! आमच्या जुहूला एसएनडीटी विद्यापीठाचं पॉलिटेक्निक आहे. तिथे कपड्यांची रचना आणि निर्मिती शिकता येते. मापं घ्या, कागदावर आखा, कापा, शिवा. चुकलं की उसवा!

शब्द बाहेरून मुंबईत आले, तसे मुंबईतून बाहेरही गेले. पट्टे खांद्यावर अडकवायची ती डंगरी तुम्ही घालता ना? तिचं नाव आपल्या डोंगरीवरून पडलं. हो, सॅण्डहर्स्ट रोड स्टेशनाजवळची तीच डोंगरी! तिथे विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड म्हणजे 'डोंगरी'. गोऱ्या साहेबाच्या जिभेवर त्याचं 'डंगरी' झालं. ते स्वस्त आणि टिकाऊ, म्हणून खलाशी आणि कामगार वापरायचे. आता तीच डंगरी काचेच्या दुकानात ऐटीत टांगलेली असते. किंमत पाहून खलाशी बेशुद्धच पडला असता!

आपल्या मराठीतही फॅशनचे शेजारी आहेत. 'ढब' आहे, 'तऱ्हा' आहे. तऱ्हा अरबीतून आली आणि तिच्यापासून आपण 'तऱ्हेवाईक' केला. माझा लाडका शब्द मात्र 'टूम'. "ही काय नवी टूम काढलीस?" असं आजी म्हणते ना, तीच. घरी आजीला विचारा, तुझ्या लहानपणी कसली टूम निघाली होती? आणि ती काढल्याबद्दल ओरडा कुणाचा खाल्लास?