अर्जांतील रकाने व त्यांची तपासणी

गेल्या वर्षीं शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत ज्या रात्रीं संपणार होती, त्याच सायंकाळीं नववीच्या वर्गांतील एक विद्यार्थिनी आपल्या आईसह माझ्या घरीं आली. अर्ज संकेतस्थळावर भरावयाचा होता व तो कांहीं केल्या पुढें सरकेना. मुलीचें आडनांव डि’सोझा. इंग्रजी लिपींत तें लिहितांना पहिल्या अक्षरापुढें, वरच्या बाजूस, स्वल्पविरामासारखें एक चिन्ह येतें. त्या चिन्हासह आडनांव लिहिलें कीं रकान्याखालीं तांबड्या अक्षरांत दोनच शब्द उमटत : ‘नांव अयोग्य.’ आई म्हणाली, “सर, आमच्या घराण्यांत हेंच नांव चालत आलें. तें आजच अयोग्य कसें झालें?” मजपाशीं उत्तर नव्हतें. शेवटीं चिन्ह गाळून आम्हीं अर्ज धाडला. पुढें शिष्यवृत्ति मंजूर झाली तेव्हां अर्जावरील नांव एक व शाळेच्या दाखल्यावरील दुसरें असा घोळ निघाला. प्रतिज्ञापत्र करावें लागलें, आणि त्या माउलीची दोन दिवसांची मजुरी बुडाली.

यंदां आपल्या शाळेचा प्रवेशअर्ज संकेतस्थळावर यावयाचा आहे. तो तयार करण्याचें काम दहावीच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं अंगावर घेतलें आहे, म्हणून हा विषय येथें काढला. माझें मत असें कीं, रकान्यावर घातलेल्या नियमानें लिहिणाराची चूक जरूर पकडावी. परंतु खरें नांव व खरा पत्ता लिहिणारास जो नियम अडवितो, तो कितीही नेटका दिसला तरी काढून टाकावा.

त्या चिन्हास बंदी कां, याचा मीं मागाहून शोध घेतला. डेटाबेसला आज्ञा देण्याची जी एसक्यूएल नांवाची भाषा आहे, तींत हेंच चिन्ह मजकुराचा आरंभ व शेवट दाखवितें. दुष्ट हेतूनें कोणी रकान्यांत तें घालून पुढें स्वतःची आज्ञा लिहिली, तर बेसावध प्रोग्रॅम तीही पाळतो. ही भीति खरी आहे. परंतु तिच्यावरील उपाय म्हणजे आज्ञा व तींत भरावयाची माहिती हीं दोन्ही डेटाबेसकडे वेगवेगळीं पाठविणें. तें न करितां चिन्हच हद्दपार करणें म्हणजे चोराच्या भयानें पाहुण्यांस दार बंद करण्यासारखें आहे. शिवाय कित्येक मोबाइल हेंच चिन्ह सरळ न उमटवितां वांकडें उमटवितात, आणि संगणकाच्या लेखीं तीं दोन निराळीं चिन्हें होत. एकास परवानगी देऊन दुसऱ्यास विसरलें, तरी आमची विद्यार्थिनी दाराबाहेरच.

मराठींत नांव लिहिणाराची कथा याहून मौजेची आहे. नांवाच्या रकान्यांत ‘अक्षरें तेवढीं घ्यावीं’ असा नियम पुष्कळ जण घालतात. युनिकोडच्या वर्गवारींत मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलन्ताची खूण हीं अक्षरांत मोडत नाहींत. तीं अक्षरास जोडावयाचीं चिन्हें आहेत. परिणामीं ‘कमल’ आंत जाते व ‘सीता’ दाराशीं उभी राहते! लांबीचेंही तसेंच. ‘लक्ष्मीकांत’ या नांवांत आपण चार अक्षरें मोजतों, यंत्र अकरा मोजतें. दहांची मर्यादा असेल तर शेवटचा त गळतो. म्हणून नांवास लांबीची मर्यादा घालावयाचीच तर ती ऐसपैस असावी. आणि आडनांव अनिवार्य करण्यापूर्वीं, एकच नांव लावणारे लोकही या देशांत आहेत हें आठवावें.

आतां आंकड्यांविषयीं. पिनकोडाची पद्धति 15 ऑगस्ट 1972 पासून चालू आहे. त्यांत सहा आंकडे असतात व पहिला कधींही शून्य नसतो. इतका नियम घालावा, तो योग्यच. परंतु तो रकाना ‘संख्या’ या प्रकारचा करूं नये. पिनकोडांची बेरीज कोण करतो? संख्येच्या रकान्यास वरखालीं करणारे बाण येतात, एखाद्या धक्क्यानें आंकडा बदलतो, व हजेरीक्रमांकासारखा मजकूर संख्या म्हणून वाचला कीं आरंभींचें शून्य नाहींसें होतें. रकाना साध्या मजकुराचाच ठेवून त्यास ‘इनपुटमोड’ हा गुण लावला, कीं मोबाइलवर आंकड्यांची पाटी आपोआप उघडते. कोणी ४११००१ असें मराठी आंकड्यांत लिहिलें तर त्यास परत धाडूं नये. यंत्रानेंच तें बदलून घ्यावें. मध्यें पडलेली मोकळी जागाही त्यानेंच काढावी.

आमचे एक सहकारी म्हणतात कीं, इतकी मोकळीक दिली तर कचरा गोळा होईल. त्यांची भीति अगदींच निराधार नाहीं, आणि जेथें कडकपणानें खरी चूक सांपडते तेथें तो असावाच. आधार क्रमांकाचा बारावा आंकडा आधींच्या अकरांवरून काढलेला असतो. व्हेर्हूफ या डच गणितज्ञाची ती रीत 1969 सालची. एक आंकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले तर ती हटकून ओळखते. यास मी तपासणी म्हणतों. (शाळेस तो क्रमांक मागण्याचें कारण आहे काय, हा प्रश्न आधीं विचारावा.) उलट ईमेलचा रकाना अनिवार्य केला, कीं ज्या पालकांस ईमेल नाहीं ते सायबर कॅफेवाल्याचा पत्ता लिहून मोकळे होतात, आणि प्रवेशाचें पत्र भलत्याच्या हातीं पडतें. हाच खरा कचरा.

मुलांनो, आणखी दोन गोष्टी. 2014 सालीं मान्य झालेल्या एचटीएमएल पांचमध्यें रकाना रिकामा राहूं न देण्याची व नमुन्याबरहुकूम आहे कीं नाहीं हें पाहण्याची सोय आयती आहे. ती अवश्य वापरा. पण ती तपासणी भरणाराच्या यंत्रावर होते व जाणत्यास टाळतां येते. म्हणून तीच तपासणी सर्व्हरवर पुन्हां करा. दुसरी गोष्ट सूचनेची. ‘अयोग्य’ या शब्दानें कोणास कांहीं कळत नाहीं. ‘पिनकोड सहा आंकडी असतो, आपण पांच लिहिले आहेत’ असें त्याच रकान्याखालीं लिहा, आणि एका चुकीपायीं बाकीचे भरलेले रकाने पुसूं नका. रकान्याचें नांव रकान्याच्या वर ठेवा. आंत फिकट अक्षरांत ठेवलें तर लिहूं लागतांच तें दिसेनासें होतें, आणि अर्ध्यावर उठून गेलेल्या आईस परत आल्यावर कोठें काय लिहिलें हें उमगत नाहीं.

परवां या मुलांनीं मला अर्जाचा कच्चा नमुना दाखविला. मीं प्रथम तेंच आडनांव, त्या चिन्हासह, लिहून पाहिलें. तें गेलें. मग मराठींत ‘सीता’ लिहिलें. तें अडलें. मुलें पुन्हां कामास लागलीं आहेत.