टपालाच्या तिकिटावरील मराठी

विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात एका मुद्रांकित पत्राने राजकारणाचा सारा पट उलटतो. मुद्रा ही सत्तेची खूण; टपालाचे तिकीट हे तिचेच अर्वाचीन रूप होय. आमच्या जळकोटच्या बाजूस या तिकिटांनी जी मौज केली, ती जिज्ञासू वाचकांस सांगण्याजोगी आहे.

हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. हैदराबाद संस्थानाने आपले पहिले तिकीट १८६९ साली काढले. पुढील तिकिटांवर फारसी लिपीच्या जोडीस इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अक्षरेही उमटली. नवल ते येथेच. पुढे राज्यकारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणही उर्दूतूनच असे. साक्षर मराठी कुणब्यास तिकिटाची किंमत स्वतः वाचता येई. कचेरीचा कागद मात्र दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा लागे. दाम मागताना सरकार रयतेच्या भाषेत बोले, न्याय देताना स्वतःच्या!

दुसरे आश्चर्य असे की, एकाच संस्थानात दोन टपालखाती नांदत. निजामाचे तिकीट संस्थानच्या हद्दीपुरतेच चाले. बाहेरच्या पत्रास इंग्रज सरकारचे तिकीट लागे. त्या खात्याच्या कचेऱ्याही संस्थानात असत. म्हणजे नांदेडास दिलेल्या लेकीच्या पत्रावर निजामाची मुद्रा, तर सोलापुरास दिलेल्या लेकीच्या पत्रावर इंग्रज बादशहाची. आईची माया एकच. तिला वाट देणारे धनी मात्र दोन!

१९३१ साली सचित्र तिकिटे निघाली. त्यांत आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार व एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा मनोरा होता. मराठवाड्याचे वैभव असे महागड्या तिकिटांवर बसल्यामुळे साध्या पत्रावर ते क्वचितच दिसे.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली. तथापि त्याची तिकिटे चालूच राहिली. १ एप्रिल १९५० रोजी संस्थानचे टपाल भारतीय टपालखात्यात विलीन झाले. राज्य गेले, तरी त्याची मुद्रा दीड वर्ष टिकून राहिली.

आपल्या घरच्या जुन्या पेटीत असा लखोटा सापडल्यास मुलांना तिकीट कापून घेऊ देऊ नये. तिकिटावरून राजा कळतो; परंतु पत्र कोठून, केव्हा आणि कोणासाठी निघाले, हे अखंड लखोटाच सांगतो.