तो अठराशे रुपयांचा डबा

"टाकून दे रे तो डबा भंगारात," दादा परवा म्हणाला. (हो दादा, तुझ्याबद्दलच लिहितोय, वाचशीलच.) डबा म्हणजे माझा डीव्हीडी प्लेअर. २००७ साली तपकीर गल्लीतून अठराशे रुपयांना घेतलेला. कंपनीचं नाव तेव्हाही कुणी ऐकलं नव्हतं. त्याच सुमारास दादाने नामांकित कंपनीचा घेतला, चौपट किमतीला. तर मंडळी, माझं स्पष्ट मत असं की चौपट पैसे मोजून दादाने कमी वस्तू घरी आणली.

कशी ते सांगतो. आत्याने न्यू जर्सीहून येताना सिनेमाच्या डीव्हीडी आणल्या होत्या. दादाच्या प्लेअरने तबकडी आत घेतली, थोडा गुरगुरला आणि 'रीजन चुकीचा' असं सांगून मोकळा झाला. अमेरिका रीजन १, भारत रीजन ५. यात तांत्रिक अडचण काही नव्हती बरं का! एकच सिनेमा निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या तारखांना आणि भावांना विकता यावा म्हणून स्टुडिओंना हवं असलेलं हे कुलूप. आणि ते लावलं कुठे? तर ज्याने पैसे मोजले त्याच्याच घरात!

माझ्या डब्याचा लपलेला मेनू दुकानदाराने काउंटरवरच रिमोटची चार बटणं दाबून उघडला आणि रीजनचं बंधन काढून टाकलं. अमेरिकेतली एनटीएससी तबकडी आपल्या पाल टीव्हीवर दाखवायची सोय होतीच. व्हीसीडी, एमपी३, घरी बर्न केलेली, ओरखडे पडलेली... काहीही घाला. शिवाय कॅराओकेसाठी माइकची दोन भोकं. मामाने त्यांचा उपयोग एकदाच केला, आणि शेजारच्या काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. असो.

चित्र दादाकडे जास्त चांगलं दिसायचं, मान्य. माझा ट्रे बाहेर येताना खलबत्त्यात काही कुटल्यासारखा आवाज करतो. पण तो मला 'नाही' म्हणत नाही.

"आता सगळं ऑनलाइन मिळतं की," हा दादाचा पुढचा मुद्दा. मिळतं खरं, पण कुणाच्या मर्जीवर? मी एका ठिकाणी पैसे भरून 'विकत' घेतलेला सिनेमा गेल्या वर्षी यादीतून गायब झाला. विचारलं तर म्हणे, परवाना संपला. याला विकत घेणं म्हणतात? उलट मोझर बेअरच्या ३४ रुपयांच्या डीव्हीडी आठवतात ना? ती कंपनी २०१८ साली अवसायनात निघाली. माझ्या कपाटातल्या तिच्या तबकड्यांना ते अजून कळलेलं नाही.

आणि आपल्या मुंजीची व्हीसीडी कुठल्या अ‍ॅपवर आहे, दादा? त्यात अण्णा तुला आचमन शिकवताहेत, तू चौथ्यांदा चुकतोस आणि ते हसू दाबताहेत. अण्णांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. तुझ्या त्या नामांकित प्लेअरने ती घरगुती तबकडी वाचलीच नव्हती, आठवतं?

गेल्या महिन्यात ट्रेचा रबरी पट्टा तुटला होता, तो बदलून आणलाय. गणपतीत या सगळे, लावू. फक्त माझ्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी खराब झाल्यात. दादा, तुझ्या माळ्यावर असतील, येताना घेऊन ये.