तोंडओळख की तासांची भरती?

पदवीच्या विद्यार्थ्याने आपल्या विद्याशाखेच्या कुंपणाबाहेरही डोकावले पाहिजे, हा विचार २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अधिकृत केला. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात त्यासाठी प्रास्ताविक पातळीवरील ३ विषयांची आणि ९ श्रेयांकांची तरतूद आहे. तीन वर्षांच्या पदवीस किमान १२० श्रेयांक लागतात. म्हणजे हा वाटा साडेसात टक्के झाला. एका श्रेयांकास व्याख्यानाचे १५ तास धरले, तर प्रत्येक विषयाला ४५ तास मिळतात. प्रश्न असा, की या ४५ तासांत आपण काय करणार आहोत?

कल्पना नवी नाही. राधाकृष्णन आयोगाने १९४८-४९ मध्येच सामान्य शिक्षणाचा आग्रह धरला होता. कोलंबिया विद्यापीठाच्या महाविद्यालयात १९१९ पासून समकालीन संस्कृतीचा एक अभ्यासक्रम सर्वच विद्यार्थ्यांसाठी चालत आला आहे. म्हणून वाद तत्त्वाचा नाही. वाद आहे तो अंमलबजावणीचा.

अनेक ठिकाणी प्रत्यक्षात घडते ते असे. कोणता विषय ठेवायचा, हे विद्यार्थ्याच्या गरजेवरून ठरत नाही. कोणत्या विभागाचा कार्यभार कमी पडतो, यावरून ठरते. वेळापत्रकात जी जागा मोकळी असेल तेथे तो बसवला जातो, आणि बहुधा तासिका तत्त्वावरील नव्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडतो. विद्यार्थीही मग ज्यात गुण सहज मिळतात आणि हजेरीची फारशी चौकशी होत नाही, असा विषय निवडतो. यात केवळ शिक्षकांना दोष देणे अन्यायाचे होईल. मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी ठेवायची आणि ज्ञानाच्या विस्ताराच्या गोष्टी बोलायच्या, हा शासनाचा व्यवहार मुळातच विसंगत आहे.

दुसरा दोष रचनेचा आहे. प्रास्ताविक अभ्यासक्रम म्हणजे पदवीच्या अभ्यासक्रमाची संक्षिप्त आवृत्ती, असा समज रूढ झाला आहे. रसायनशास्त्राचा विद्यार्थी अर्थशास्त्राच्या वर्गात आयुष्यात एकदाच येणार. त्याला मार्शल व रॉबिन्स यांच्या व्याख्या पाठ करायला लावून काय साधणार? कांद्याचे पीक थोडे अधिक आले की भाव इतका का कोसळतो, महागाईचा दर उतरला तरी वस्तू स्वस्त का होत नाहीत, अर्थसंकल्पातील तूट कोण भरून काढतो, एवढे जरी त्याला उमगले, तरी ४५ तास सार्थकी लागले. त्याचप्रमाणे मराठी साहित्याच्या विद्यार्थिनीला विज्ञानातील सूत्रे नकोत. एखादे औषध गुणकारी आहे हे ठरवताना ते न घेतलेल्या रुग्णांशीही तुलना का करावी लागते, हे तिला कळले पाहिजे.

जगाच्या संस्कृतींचेही तसेच. त्या शिकवण्यासाठी दूर जावे लागत नाही. कार्ल्याच्या लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार समर्थपणे सांभाळणारा मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतला. आपल्या ठेच्यातली मिरची आणि उपवासाचा बटाटा हे दोन्ही अमेरिका खंडांतून आले. एवढ्या धाग्यांवरून जग उलगडता येते. परंतु त्यासाठी शिकवणारा व्यासंगी हवा.

अशा वरवरच्या ओळखीने अर्धवट ज्ञान वाढेल आणि मुख्य विषय मागे पडेल, हा आक्षेप गंभीर आहे. तथापि आपलाच अनुभव वेगळे सांगतो. अर्थशास्त्राचे विद्यार्थी असलेल्या डॉ. आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेवरील आपला निबंध मे १९१६ मध्ये कोलंबियात वाचला, तो मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवलेल्या दामोदर कोसंबींनी प्राचीन नाण्यांच्या वजनांना संख्याशास्त्र लावले आणि इतिहासलेखनाला नवी दृष्टी दिली. दोघांचाही मूळ विषय कच्चा राहिला नाही. सारेच आंबेडकर वा कोसंबी होणार नाहीत, हे उघड आहे. पण दार उघडे असल्याखेरीज कोण आत जाईल, हे कळणार तरी कसे?

म्हणून तीन गोष्टी तातडीने व्हाव्यात. हे वर्ग विभागातील सर्वांत अनुभवी प्राध्यापकाने घ्यावेत. परीक्षेत व्याख्या व टिपा न विचारता एखादी बातमी, एखादा तक्ता पुढे ठेवून त्याचा अर्थ विचारावा. आणि विषयांची यादी कार्यभार पाहून नव्हे, तर रिक्त पदे भरून तयार व्हावी. खेड्यातून आलेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याच्या घरी बहुधा पुस्तकांचे कपाट नसते. शहरी सुशिक्षित घरात जे जेवताना कानावर पडते, ते त्याला या ४५ तासांतच मिळायचे आहे. ते तास नुसते भरून काढले, तर त्याचे नुकसान कोणत्याही गुणपत्रिकेत दिसणार नाही. आणि म्हणूनच त्याची भरपाईही कोणी करणार नाही.