विश्लेषण : दुकानाच्या पाटीला परवाना कधी लागतो? फलकांचे नियम काय सांगतात?

दुकानावर नावाची पाटी लावणे, त्याच पाटीत दिवे बसवणे, ‘फ्लॅट भाड्याने देणे आहे’ असा बोर्ड खिडकीत टांगणे आणि सोसायटीची गच्ची जाहिरात फलकासाठी भाड्याने देणे. या गोष्टी वरवर सारख्याच वाटतात. कायद्याच्या नजरेत मात्र त्या वेगवेगळ्या आहेत. एकीला परवानगी लागत नाही, तर दुसरीसाठी महापालिकेची लेखी मंजुरी बंधनकारक असते. घाटकोपरमध्ये मे २०२४ मध्ये महाकाय फलक कोसळून १७ जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर राज्यभर फलकांची तपासणी सुरू झाली आणि लहान दुकानदारांपासून गृहनिर्माण सोसायट्यांपर्यंत अनेकांना या नियमांची नव्याने ओळख झाली.

कोणता कायदा लागू होतो?

मुंबईत १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यातील कलम ३२८ आणि ३२८-अ, तर पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे यांसारख्या इतर महापालिकांत १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका कायद्यातील कलम २४४ आणि २४५ लागू होतात. दोन्ही कायद्यांची रचना बरीचशी सारखी आहे. पहिले कलम ‘आकाशचिन्हां’बद्दल, तर दुसरे जाहिरातींबद्दल आहे. रस्त्यावरून पाहताना आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारी, खांब किंवा सांगाड्यावर उभारलेली जाहिरात म्हणजे आकाशचिन्ह. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेत ‘आकाशचिन्ह व परवाना विभाग’ असा स्वतंत्र विभागच आहे.

परवानगी केव्हा लागत नाही?

लेखी परवानगीशिवाय जमीन, इमारत, भिंत किंवा सांगाड्यावर जाहिरात लावता येत नाही, हा मूळ नियम. त्याला काही अपवाद आहेत. खिडकीच्या आतील जाहिरात, त्याच जागेत चालणाऱ्या व्यवसायाची पाटी, त्याच जागेच्या विक्रीची किंवा भाड्याची सूचना, इमारतीचे अथवा मालकाचे नाव यांना सूट आहे. पण या सुटीला एक महत्त्वाची अट आहे. पाटी प्रकाशित नसावी आणि ती आकाशचिन्ह नसावी.

म्हणजे दुकानाच्या दर्शनी भागावर रंगवलेल्या नावाला जाहिरात म्हणून परवानगी लागत नाही. त्याच नावाचा ग्लो साइन बोर्ड केला की परवाना आणि शुल्क दोन्ही आले. ‘पाटी माझ्याच दुकानाची आहे’ हा युक्तिवाद तिथे चालत नाही. तसेच सूट फक्त ‘त्याच जागेतील’ व्यवसायाला आहे. किराणा दुकानाच्या पाटीवर शेजारच्या क्लासची जाहिरात झळकली, तर ती सुटीत बसत नाही.

‘विकणे आहे’ हा बोर्ड कुठेही लावता येतो?

स्वतःच्या मालमत्तेवर लावता येतो. विजेच्या खांबावर, पुलाच्या कठड्यावर किंवा दुसऱ्याच्या भिंतीवर नाही. तिथे महाराष्ट्र मालमत्ता विद्रुपीकरण प्रतिबंध कायदा, १९९५ लागू होतो. त्यात तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. बांधकाम व्यावसायिकांवर आणखी एक बंधन आहे. रेरा कायद्यानुसार नोंदणीपात्र प्रकल्पाची जाहिरात नोंदणीआधी करता येत नाही आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक केला आहे.

मराठी पाटीचा नियम वेगळा कसा?

पाटी कुठे आणि कशी लावली, हे महापालिका कायदा पाहतो. पाटीवर काय लिहिले, हे दुकाने व आस्थापना कायदा पाहतो. २०२२ मधील दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरीतील मराठी नाव सक्तीचे झाले. मराठी अक्षरे आधी असावीत आणि त्यांचा आकार इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान नसावा, असा हा नियम आहे. व्यापाऱ्यांची संघटना याविरोधात सर्वोच्च न्यायालयात गेली. २५ सप्टेंबर २०२३ रोजी न्यायालयाने पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ती संपल्यावर मुंबई पालिकेने कारवाई सुरू केली. दंड होता प्रति कामगार दोन हजार रुपये.

इतर भाषांना मात्र बंदी नाही. अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या फलकावर मराठीसोबत उर्दू वापरण्यास एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरकत घेतली नाही. तो वाद नगर परिषदेच्या फलकाचा असला, तरी मराठीची सक्ती म्हणजे अन्य भाषेला मनाई नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले.

गच्ची भाड्याने देताना धोका कोणता?

फलक जाहिरात कंपनीचा, त्यामुळे जबाबदारीही तिचीच, असा समज सर्रास आढळतो. प्रत्यक्षात विनापरवाना फलक काढण्याची नोटीस त्या जमिनीच्या किंवा इमारतीच्या मालकाला अथवा वहिवाटदाराला येऊ शकते. आकाशचिन्हाची परवानगी एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त काळासाठी मिळत नाही. पालिकेच्या सूचनेनुसार केलेली मजबुती वगळता फलकात भर घातली किंवा बदल केला, तरी आधीची परवानगी रद्द ठरते. त्यामुळे चार वर्षांपूर्वीचे मंजुरीपत्र दाखवून आज मोठा फलक उभा राहत असेल, तर ते पत्र निरुपयोगी असते. करार करण्यापूर्वी सोसायटीने मंजुरीपत्राची मुदत, मंजूर आकार आणि सांगाड्याच्या मजबुतीचे प्रमाणपत्र पाहणे आवश्यक आहे.

मग घाटकोपर कसे घडले?

नियम नव्हते म्हणून नव्हे. मुंबईत फलकाची कमाल मर्यादा ४० बाय ४० फूट, म्हणजे १,६०० चौरस फूट होती. छेडानगरमध्ये कोसळलेला फलक १२० बाय १२० फुटांचा होता. म्हणजे १४,४०० चौरस फूट, मर्यादेच्या नऊपट. १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात तो पेट्रोल पंपावर पडला. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यात होती आणि फलकाला परवानगीही त्यांच्याकडूनच मिळाली होती. आपली परवानगी घेतलीच नव्हती, असे पालिकेचे म्हणणे होते. या प्रकरणात तत्कालीन लोहमार्ग पोलीस आयुक्तांना निलंबित करण्यात आले आणि निवृत्त मुख्य न्यायमूर्ती दिलीप भोसले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली.

जागा दुसऱ्या यंत्रणेची असेल तर पालिकेचा अधिकार कुठपर्यंत, हा वाद जुनाच आहे. पालिका कायद्यात रेल्वेच्या मालमत्तेवरील जाहिरातींना सूट आहे. पण रस्त्याकडे तोंड असलेल्या भागाला ती लागू नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये पुण्यातील शाहीर अमर शेख चौकात रेल्वेच्या जागेतील फलकाचा सांगाडा कोसळून चौघांचा जीव गेला होता. एप्रिल २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडमधील रावेत-किवळे परिसरात अनधिकृत फलक पडून पाच जण दगावले.

पुढे काय?

दुकानाची पाटी पालिकेच्या निरीक्षकाला रोज दिसते, तिचा मालक समोर बसलेला असतो आणि दंड आकारणे सोपे असते. मोठा फलक मात्र जागामालक, जाहिरात कंपनी आणि दोन-तीन सरकारी यंत्रणा यांच्यात विभागलेला असतो. जागा देणाऱ्याची संमती आणि पालिकेची परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली मिळाली म्हणून दुसरीची गरज संपत नाही. हा साधा नियम सरकारी जागांवरही तितक्याच काटेकोरपणे पाळला गेला, तरच फलकांच्या तपासणीला अर्थ उरेल. अन्यथा दंडाच्या पावत्या दुकानदारांच्या नावे फाटत राहतील आणि प्रत्येक वळवाच्या वादळात रस्त्यावरच्या माणसाला वर पाहतच चालावे लागेल.