आमची की आपली?



२०२५च्या जुलैत आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जेवढी गर्दी झाली, तेवढी दिवाळीच्या शुभेच्छांचीही होत नाही. कारण सगळ्यांना ठाऊक आहेच. नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बटुमी शहरात बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. वय अवघं १९, स्पर्धेतलं मानांकन १५वं. वाटेत तिने झू जिनर आणि माजी जगज्जेती टॅन झोंगयी या चीनच्या दोन बलाढ्य खेळाडूंना घरी पाठवलं. बटुमीला गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म नव्हता. परतली ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर होऊन!

अभिनंदनाच्या त्या ढिगात एक वाक्य होतं, "आमच्या दिव्याने त्यांच्या हंपीला हरवलं." लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. आनंदाच्या भरात माणूस असं लिहून जातो. पण त्यातला 'त्यांच्या' हा शब्द मला टोचला आणि अजून टोचतोय. म्हणून या वेळचं सदर त्या एका शब्दाबद्दल.

आपण हैदराबादची मराठी माणसं. आपल्यापैकी बऱ्याच घरांच्या चार-चार पिढ्या इथे झाल्या. आपण भाजी तेलुगूत घेतो, रिक्षावाल्याशी दखनीत घासाघीस करतो आणि भांडण मात्र मराठीत करतो. अशा घरांतून कोनेरू हंपी हे नाव काही कालपरवा आलेलं नाही. जन्म गुडिवाड्याचा, वाढली विजयवाड्यात. हे नाव विजयनगरच्या हंपीवरून ठेवलं असेल असं पुष्कळांना वाटतं. खरं तर तिच्या वडिलांनी ते 'चॅम्पियन' या शब्दावरून घडवलं. आणि लेकीने ते खरं करून दाखवलं. २००२ साली, १५ वर्षं १ महिना २७ दिवसांची असताना, ती ग्रँडमास्टर झाली. हा किताब मिळवणारी ती पहिली भारतीय महिला, आणि तेव्हा जगातली सर्वांत लहान महिला ग्रँडमास्टर. त्याआधीचा विक्रम ज्युडिट पोल्गारचा होता. दिव्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

त्या काळी बुद्धिबळपटूच्या मागे लागणं म्हणजे मोठा धीराचा उद्योग होता. टीव्हीवर डाव दिसायचा नाही. सकाळी पेपर आला की क्रीडापानाच्या तळाशी दोन ओळींची बातमी शोधायची. कधी सबंध डाव चालींच्या खुणांसकट छापलेला असे. मग पट मांडून एकेक चाल लावत बसायचं आणि कुठे बिघडलं ते पाहायचं. २०११ मध्ये तिराना इथे जगज्जेतेपदासाठी हंपी हू यिफानशी खेळली, तो पराभवही आम्ही असाच पेपरातून हप्त्याहप्त्याने पचवला. पुढे तिने बाळंतपणासाठी दोनेक वर्षं खेळ थांबवला, तेव्हा 'आता संपलं' असं म्हणणारे कमी नव्हते. ती परतली ती २०१८च्या ऑलिंपियाडमध्ये, आणि गंमत म्हणजे तेही बटुमीतच. त्यानंतर २०१९ मध्ये मॉस्कोत जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली. २०२४च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये पहिलीच फेरी हरूनही तिने ते पद पुन्हा मिळवलं. तेव्हा ती ३७ वर्षांची होती.

हे सगळं आमच्या समोर राहणाऱ्या माष्टारूंच्या वहीत चिकटवलेलं आहे. माष्टारू म्हणजे निवृत्त गणित शिक्षक, पक्के तेलुगू. हंपी ग्रँडमास्टर झाल्यापासून पेपरातली तिची कात्रणं ते कापून ठेवतात. जिंकलेली आणि हरलेली, दोन्ही. त्यांच्याकडे पाहून मला कळलं, की खेळाडूचा चाहता होणं एका दिवसात होत नाही. जिंकली त्या दिवशी टाळ्या वाजवणारे पुष्कळ असतात. हरली त्याच्या दुसऱ्या दिवशीही पेपर उघडणारा तो खरा चाहता.

त्यामुळे २६ जुलैला अंतिम सामना सुरू झाला तेव्हा आमच्या गल्लीत मोठाच पेच होता. एका बाजूला ३८ वर्षांची हंपी, दुसरीकडे तिच्या बरोब्बर निम्म्या वयाची दिव्या. त्याआधी उपांत्यपूर्व फेरीत दिव्याने गुंटूरच्या द्रोणवल्ली हारिकाला हरवलं होतं, ते दुःख माष्टारू गिळत होतेच. पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले. सोमवारी २८ जुलैला टायब्रेक होता. पहिला श्रावणी सोमवार! साडेचार वाजता खेळ सुरू झाला तेव्हा माष्टारू आणि त्यांच्या पत्नी आमच्याकडेच होते. आता मोबाईलवर पट दिसतो, शेजारी काळी-पांढरी पट्टी वरखाली होत असते, आणि ती बघून घोडा कसा चालतो हे कालच शिकलेला माणूसही "अहो, ही चाल कशी दिसली नाही हिला!" म्हणतो. माष्टारू त्या पट्टीवर हात ठेवून बसतात. म्हणतात, खेळणारीला जे दिसत नाही ते मला कशाला दिसायला हवं?

पहिला जलद डावही बरोबरीत गेला. दुसऱ्या डावात हंपीकडे पांढरी मोहरी होती. शेवटाला घड्याळाची घाई झाली, तिच्या हातून चुका झाल्या आणि दिव्या जिंकली. डाव संपल्यावर ती आईच्या गळ्यात पडून रडली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आमच्या घरात माझा नातू उड्या मारत होता आणि माष्टारू गप्प होते. थोड्या वेळाने त्यांनी नातवाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मन अम्मायिले कदा." आपल्याच मुली ना दोघी!

ज्यांना तेलुगू येतं त्यांना यातली मेख कळेल. तेलुगूत 'आमचं' म्हणायला 'मा' आणि 'आपलं' म्हणायला 'मन'. समोरच्याला बाहेर ठेवायचं असेल तर 'मा', त्याला सोबत घ्यायचं असेल तर 'मन'. मराठीतही हा भेद अगदी असाच आहे. हिंदीतल्या एकट्या 'हमारा'ला तो सहज दाखवता येत नाही. माष्टारूंनी हरलेल्या संध्याकाळी 'मन' हा शब्द वापरला. आणि आपल्या ग्रुपवर, जिंकलेल्या संध्याकाळी, 'आमच्या' आणि 'त्यांच्या' हे शब्द आले.

दिव्याचा अभिमान वाटू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांना मराठी आडनाव जगाच्या पटलावर दिसलं की गळा दाटतो, माझाही दाटला. २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिलांनी पहिल्यांदा सुवर्ण जिंकलं, त्या संघात दिव्या होती, आणि संघाचे कर्णधार होते पुण्याचे अभिजित कुंटे. पण त्याच संघात गुंटूरची हारिका होती, चेन्नईची वैशाली होती, दिल्लीच्या तानिया आणि वंतिका होत्या. त्या सुवर्णाचे तुकडे पाडून हा आमचा, तो त्यांचा असं कसं करणार?

आणि आपल्या शहराचीच एक गोष्ट सांगते. १९८१ साली आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धा इथे, हैदराबादेत झाली. ती एकही डाव न हरता जिंकली मुंबईच्या रोहिणी खाडिलकर यांनी. आशियाई विजेती होणारी पहिली भारतीय महिला एक मराठी मुलगी, आणि तो मान तिला मिळाला तो या गावात. त्यानंतर २१ वर्षांनी हंपी ग्रँडमास्टर झाली, आणि आणखी २३ वर्षांनी दिव्या. मधल्या काळात 'मुलींना बुद्धिबळात काय भवितव्य' असं म्हणणाऱ्या कितीतरी बापांची तोंडं हंपीचं उदाहरण देऊन बंद झाली असतील. तेलुगू बापांची आणि मराठी बापांचीही. दिव्या पटावर बसली तेव्हा तिच्यासाठी ती वाट मळलेली होती, आणि ती मळवणारीच अंतिम फेरीत समोर बसली होती.

विश्वचषकातून दिव्या आणि हंपी दोघीही २०२६च्या कँडिडेट्स स्पर्धेसाठी पात्र ठरल्या. म्हणजे दोघी पुन्हा समोरासमोर येण्याची शक्यता होती. मागच्या रविवारी मंडळात आपल्यातल्याच एका चिमुरडीने मला विचारलं, "आजी, तेव्हा आपण कोणाच्या बाजूने असायचं?" मी तिला सांगितलं, जिचा खेळ आवडेल तिच्या बाजूने खुशाल ओरड. मी हंपीसाठी ओरडणार, कारण तिच्यासोबत माझी २३ वर्षं गेली आहेत. तू दिव्यासाठी ओरड, तुझी तेवढीच वर्षं आता सुरू होतायत. फक्त डाव संपल्यावर हरलेलीला 'त्यांची' म्हणू नकोस.

गणपतीत मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धा ठेवायचं मंडळात ठरतंय. माझी एकच सूचना आहे. प्रवेश फक्त सभासदांच्या मुलांना न ठेवता आपापल्या गल्लीतल्या मुलांनाही बोलवावं. पंच म्हणून बसायला माष्टारू तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.