उमऱ्याची पुस्तिका निवडताना

जुन्या नाशकातल्या आमच्या खाला मराठी शाळेत शिकलेल्या. उमऱ्याला निघताना त्यांच्या हाती आली ती उर्दू पुस्तिका, तीही बारीक अक्षरांची. मग आम्ही मराठी पुस्तिका शोधली.

भगिनींनो, पुस्तिका घेताना आधी आवृत्तीचे साल पाहा. मदिन्यात रियाजुल जन्नतसाठी आता नुसुक अ‍ॅपवर वेळ घ्यावी लागते; जुन्या पुस्तिकांत ते नसते. अक्षर मोठे असावे. तवाफचे सात फेरे, मग सफा-मरवाच्या सात फेऱ्या, हा क्रम स्पष्ट हवा. दुआंचे मूळ अरबीही हवेच. देवनागरीत ‘कल्ब’ एकच. अरबीत मोठ्या काफने हृदय, छोट्या काफने कुत्रा!

खाला आता रोज मगरिबनंतर मदरशात शिकणाऱ्या नातीला दुआ म्हणून दाखवतात. चुकल्या की नात थांबवते, आणि खाला पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.